वेळ टिपायची नाही

जावई चांगला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याच्यावर सारखा वैतागणार आहे आणि मग तुम्ही म्हणाल, म्हातारा खडूस दिसतो. आहेच मी खडूस. पण त्याला कारण आहे.

मी रत्नाकर. काशीत दुर्गाघाटावर राहतो आणि पत्रिका करतो. माझे वडील करायचे, आजोबा करायचे, त्यांच्या आधीचेही करायचे. मराठी, बंगाली, इकडचे मिश्र-पांडे, सगळे आमच्या ओट्यावर येऊन बसलेले आहेत. आमची एकुलती एक मुलगी बकुळ. तिनं स्वतःच नवरा शोधला. सुश्रुत त्याचं नाव, नगरकडचा मराठी ख्रिस्ती, इथल्या रेल्वे कारखान्यात इंजिनीअर. पत्रिका जुळवली नाही, मुहूर्त काढला नाही, सरळ कचेरीत जाऊन सह्या केल्या. अख्ख्या घाटानं मला विचारलं, "गुरुजी, मुहूर्त कौनसा निकाला?" मी म्हटलं, "सरकारी." तेही गिळलं मी. माझी बायको इंदू म्हणाली, "अहो, पोरगा निर्व्यसनी आहे, तिला हसवतो, अजून काय हवंय तुम्हाला?" मला काय हवं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं, तरी विचारलंन.

बकुळला सातवा महिना लागला तेव्हाची गोष्ट. रविवार होता. रविवारी सुश्रुत सकाळी चर्चला जातो आणि तिथून दोघं आमच्याकडे जेवायला येतात. जेवण झालं, आणि हा माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"बाबा, एक विनंती होती. रागावू नका."

रागावू नका म्हटलं की मी आधीच रागावतो. "बोल."

"बाळाची पत्रिका करू नका. आणि शक्य झालं तर जन्मवेळही टिपू नका."

मला वाटलं, माझे कान वाजताहेत. अहो, ज्योतिष्याला जन्मवेळ टिपू नको म्हणायचं? पत्रिका करू नको एवढंच म्हणाला असता तर समजू शकलो असतो. पण वेळ टिपायची नाही म्हणजे पुढेमागे कुणाला करावीशी वाटली तरी करता येऊ नये, असा पक्का बंदोबस्त. इंजिनीअरच तो.

"का?" मी विचारलं.

"आमच्या शास्त्रात मनाई आहे."

"कसली मनाई?"

तो अवघडला. बकुळनं भिंतीकडे बघितलं. शेवटी मीच म्हटलं, "आण तुझं बायबल. मराठीत आहे ना? मला वाचता येतं."

पुढच्या रविवारी आणलंन. खूण घालून आणलं होतं. मोशेच्या पाचव्या पुस्तकातलं पान. मी चष्मा लावून वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळी यादीच दिलीय हो तिथं. शकुन बघणारा, मुहूर्त बघणारा, चेटूक करणारा, मंत्र घालणारा, भुतांना विचारणारा, मेलेल्यांशी बोलणारा. देवाला या सगळ्यांचा वीट येतो म्हणे. आणि त्या रांगेत मी! रोज पहाटे गंगेवर स्नान करून, संध्या करून, गणित मांडून बसणारा मी, आणि माझ्या शेजारच्या पाटावर कोण, तर मेलेल्यांशी बोलणारा!

"मी भूत उतरवतो का रे?" मी ओरडलो. "कधी लिंबू-मिरची बांधली मी कुणाच्या दाराला? ग्रहांचं गणित आहे हे!"

"मला माहीत आहे, बाबा."

"माहीत आहे तर मग?"

"तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. आम्ही विचारायचं नाही, एवढंच म्हणतोय."

हेच ते. भांडायला गेलं की हा खाली बसतो. माणसानं डोकं आपटायचं तरी कुठं? पण मीही सोडणारा नव्हे. मी ते पुस्तक ठेवूनच घेतलं आणि महिनाभर वाचलं. दुपारी ओट्यावर माणसं कमी असतात, तेव्हा पंचांगाखाली झाकून वाचत असे. मुद्दे काढले. रविवारी तो पहिला घास घ्यायच्या आत मी सुरू.

"तुमचा येशू जन्मला तेव्हा पूर्वेकडून कोण आले होते? तारा बघून आले ना? मग? ते ज्योतिषीच की! त्यांना बरा पाट दिलात!"

इंदू म्हणाली, "आधी जेवू तरी द्या त्याला."

सुश्रुत हसला. "आले खरे. पण ते वाटेत राजाकडे चौकशी करायला गेले, बाबा. कुठं जन्मला म्हणून. राजा घाबरला, आणि त्यानं त्या गावातली दोन वर्षांच्या आतली सगळी पोरं मारून टाकली."

हे मी वाचलं होतं, पण असं जोडून वाचलं नव्हतं. तरी म्हटलं, "तो राजाच नालायक. त्यात ताऱ्याचा काय दोष?"

"ताऱ्याचा नाहीच."

पुढच्या रविवारी दुसरा मुद्दा. "तुमच्याकडे चिठ्ठ्या टाकून शिष्य निवडला होता. ते चालतं?"

"हो, टाकल्या होत्या. मलाही ते नीट कळत नाही."

कळत नाही म्हणतो! अरे, कळत नाही तर माझ्या नातवंडाची वेळ कशाला अडवतोस? मी शेवटचा बाण काढला. "हे सगळं खोटं आहे असं म्हण ना सरळ. ज्योतिष थोतांड आहे म्हण. म्हणजे मी तुला उत्तर देतो."

तो जरा वेळ भातात बोटं फिरवत राहिला. मग म्हणाला, "थोतांड असतं तर मनाई कशाला केली असती, बाबा? त्या यादीत पहिलं काय लिहिलंय ते बघितलंत?"

"काय?"

"पोटच्या पोराला आगीतून नेणारा. तिथून यादी सुरू होते. मुहूर्त आणि शकुन त्याच्यानंतर. मला वाटतं, उद्याचं आपल्या हातात हवं म्हणून माणूस कुठवर जातो ते त्यात आहे. भीतीपायी पोरसुद्धा देतो."

"आमच्याकडे कुणी पोरं जाळत नाही," मी म्हटलं आणि हात धुवायला उठलो. जेवण अर्धं राहिलं. बकुळ माझ्या मागोमाग मोरीशी आली. "बाबा, प्लीज, अब बस कीजिए. तो तुमचा अपमान नाही करत. माझ्यासाठी एवढं ऐका. वेळ टिपू नका."

पोर पोटुशी, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "नाही टिपणार."

कबूल केलं तेव्हा खरंच टिपणार नव्हतो. शपथ सांगतो.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा शिरत नाही, तेव्हा ती रेल्वे कॉलनीतच राहिली आणि इंदू तिकडे गेली. पौषातल्या एका दुपारी फोन आला की हॉस्पिटलात नेलंय. मी धावतपळत पोचलो. बाहेरच्या बाकावर इंदू जप करत होती. सुश्रुत येरझाऱ्या घालत होता, चेहरा पांढरा पडलेला. डॉक्टरांनी कसलंसं इंजेक्शन लिहून दिलं, तसा तो खाली दुकानात पळाला.

आता माझी अडचण समजून घ्या. मी वेळ टिपायची नाही म्हटलं होतं. पण त्या दिवशीचं पंचांग मी सकाळीच वाचलं होतं, ते काय डोक्यातून काढून ठेवू? चंद्र अश्विनी नक्षत्रात होता. नक्षत्राचे चार चरण, म्हणजे चार भाग, एकेक साधारण सहा तासांचा. अश्विनीचा पहिला चरण बापाला वाईट. दुसरा लागला की काही चिंता नाही. पहिल्यात पोर झालं की इकडच्या भाषेत 'मूल पड़ गया' म्हणतात, म्हणजे मूळ लागलं. तसं झालं तर बापानं सत्तावीस दिवस पोराचं तोंड बघायचं नाही. चंद्र फिरून त्याच नक्षत्रात आला की शांत, म्हणजे त्या नक्षत्राची पूजा, करायची, आणि मग बापानं आधी तेलाच्या वाटीत पोराचं प्रतिबिंब बघायचं, नंतर पोर हातात घ्यायचं. नाही पाळलं तर बापाच्या जिवाला धोका. आणि त्या दिवशी पहिला चरण संपत होता दोन वाजून बावन्न मिनिटांनी.

आत पोर रडलं. माझी नजर मनगटाकडे गेली. गेलीच! चाळीस वर्षांची सवय, मान आपोआप वळली. दोन सेहेचाळीस.

सहा मिनिटं. सहा मिनिटं थांबायला काय झालं होतं त्या पोरीला?

नर्स कापडात गुंडाळून घेऊन आली. "बाबूजी, लक्ष्मी आई है. पापा कहाँ हैं?"

"माझ्याकडे द्या," मी म्हटलं. जवळजवळ हिसकावूनच घेतलं. सुश्रुत जिन्यात दिसायच्या आत मी पोर परत आत बकुळकडे पाठवलं. नर्स तोंडाकडे बघत राहिली. इंदूनं माझ्याकडे बघितलं. "काय हो, काय झालं?" म्हटलं, "काही नाही, गारठा आहे."

तो इंजेक्शन घेऊन वर आला. मुलगी झाली कळल्यावर माझ्या पाया पडला, इंदूच्या पडला, रडला, हसला. मग म्हणाला, "बघू?" आणि आत गेला. मी दाराशी उभा. आता काय करावं या विवंचनेत होतो, तेवढ्यात आतून बकुळचा आवाज आला.

"आत्ता नको रे. झोपलीय."

संध्याकाळी तो पुन्हा गेला. "तू बाहेरून आलायस, हात धुतलेस का?" धुवून आला. "तुला शिंका येतायत, उद्या घे." दुसऱ्या दिवशी सकाळी हा तोंडाला मास्क लावून हजर. तर बकुळनं पोरीच्या तोंडावरून दुपट्याचं टोक ओढून घेतलं आणि म्हणाली, "आत्ताच दूध प्यायलीय, उलटी करेल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझीच मुलगी ती! पाचवीत असताना पंचांग वाचायला शिकली होती माझ्या मांडीवर. हातात मोबाईल होता, मोबाईलात पंचांग होतं. अश्विनी आहे, पहिला चरण तीनच्या जरा आधी संपतो, एवढं तिनं पडल्या पडल्या बघितलं होतं. आपलं पोर नेमकं कधी झालं तेवढंच तिला ठाऊक नव्हतं. कळा देताना बाई घड्याळ बघते होय?

आणि सुश्रुत? खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून राहिला होता. दोन्ही तळहात मांडीवर उघडे ठेवून. वीस तास झाले होते मुलीला जन्मून आणि बापानं तिचं नाकसुद्धा बघितलं नव्हतं. मध्येच दुपट्यातून एक इवलीशी मूठ बाहेर आली, तर हा स्टुलावरून अर्धा उठला. बकुळनं ती मूठ पटकन आत सारली. तो पुन्हा खाली बसला.

मला बघवेना. किती लोकांना मी हे सांगितलं असेल! शेकड्यानं. ओट्यावर बसून, बोटं मोजून, "सत्तावीस दिवस तोंड पाहायचं नाही, यजमान." ते नमस्कार करून जायचे, मी पुढच्याची पत्रिका उघडायचो. त्यांच्या घरी पुढं काय व्हायचं ते मला कधी बघावंच लागलं नाही. एक माणूस स्टुलावर बसतो आणि त्याचे हात रिकामे राहतात, हे होतं. चडफडाट झाला नुसता. स्वतःवर चिडावं, त्या चंद्रावर चिडावं, की त्या मोशेवर, काही कळेना. आगीतून कुणी नेत नाही म्हणालो होतो मी.

दुपारी सुश्रुत कागदपत्रं आणायला खाली गेला. बकुळनं इंदूला चहा आणायला पाठवलं आणि मला म्हणाली, "बाबा, दार लावा."

लावलं.

"किती वाजले होते?"

"मला काय माहीत?"

"बाबा, तुम्ही वेळ बघितली नसेल असं होणारच नाही. खरं सांगा. मी त्याला सांगणार नाही काही. त्याला वाईट वाटेल. मी सत्तावीस दिवस कसंतरी निभावून नेईन, आई आहे मदतीला, काहीतरी कारणं काढू. पण मला कळू दे तरी. मी मरतेय इथे." आणि रडायला लागली. ओली बाळंतीण ती. "त्याला काही झालं तर काय करू मी?"

सत्तावीस दिवस कारणं काढणार होती. आणि समजा निभावली. मग पोरीला गोवर आला तर पत्रिका, नवऱ्याची बदली झाली तर पत्रिका. मला दिसत होतं सगळं, कारण मीच लोकांना असं आयुष्यभर येरझाऱ्या घालायला लावलं होतं. आणि दुसरीकडे शास्त्र. माझं शास्त्र खोटं आहे असं मला आजही वाटत नाही, हे लक्षात ठेवा. दोन सेहेचाळीस म्हणजे दोन सेहेचाळीस. त्या पोरानं मुलीला हातात घेतलं आणि खरोखरच काही झालं, तर ते माझ्या माथी.

खाटेला कागद अडकवला होता. त्यावर नर्सनं लिहिलं होतं, तीन वाजता.

आता हॉस्पिटलच्या वेळेबद्दल माझं मत सगळ्या दुर्गाघाटाला पाठ आहे. पोर झालं की त्या आधी नाळ कापणार, पुसणार, आईकडे बघणार, मग सवडीनं घड्याळाकडे बघून ठोकून देणार: तीन, सव्वातीन, साडेतीन. तसल्या वेळेवर पत्रिका मागायला आलेल्यांना मी ओट्यावरून परत पाठवलंय. "घरातल्या कुणी घड्याळ बघितलं असेल तर या," असं तोंडावर सांगून.

मी तो कागद काढला आणि बकुळच्या हातात दिला. "वाचता येतं ना? तीन."

"ही हॉस्पिटलची वेळ आहे, बाबा. तुम्हीच म्हणता."

"मी म्हणतो ते इतर पोरांचं. इथं मी दाराशी उभा होतो. तीनच वाजले होते. उलट एखादं मिनिट वरच. दुसरा चरण. काही नाही त्यात."

"खरंच?"

"पंचांगाच्या बाबतीत मी आजवर कधी खोटं बोललोय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा पुसायला घेतला. मग तिनं असा सुस्कारा सोडला की मला वाटलं, खोलीतली हवाच संपली. सुश्रुत परत आला तेव्हा तिनं काही न बोलता पोर उचललं आणि त्याच्यापुढे धरलं. तो घाबरला. हात पुढे करीना. "आत्ता? जागी आहे ती."

"घे ना रे," ती म्हणाली.

घेतलंन. मान धरता येईना त्याला. मी ओरडलो, "मानेखाली हात घाल, मानेखाली! इंजिन आहे का ते?" पोरगी त्याच्याकडे टकमक बघत होती, आणि हा मोठा पुरुष हमसून हमसून रडत होता. मी मोजत होतो. उगाच, एक ते सत्तावीस.

जरा वेळानं तो तिला घेऊन बाहेर व्हरांड्यात आला. माझ्या शेजारी उभा राहिला. खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. त्याला वेळेचा सुगावा लागला होता. मूर्ख नाही तो. दोन दिवस बायको तोंड झाकत होती, आणि तो खाली जाऊन येईतो खाटेचा कागद तिच्या उशाशी आला आणि तोंड लगेच उघडलंन, हे त्यानं बरोबर जोडलं होतं.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "तुमच्या घड्याळात किती वाजले होते?"

बघा. ज्याच्या पायी एवढं रामायण झालं तोच विचारत होता. आवाज कापत होता त्याचा. पोर हातात असलं की सगळे सारखेच घाबरतात, चर्चला जाणारे काय आणि गंगेवर जाणारे काय.

माझ्या ओठांवर आलं होतं. चाळीस वर्षांत विचारल्यावर मी कधी सांगितलं नाही असं झालेलं नाही.

"तुमच्यात विचारायला मनाई आहे ना?" मी खेकसलो. "मग विचारू नकोस."

त्यानं पोरीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं. मग म्हणाला, "नाही विचारत." आणि पोरीला घेऊन आत गेला.

आता इंदू कॉलनीत मदतीला आहे आणि मी दुर्गाघाटावर एकटा. शांत करता येत नाही. करायला गेलो तर बकुळला कळेल की मूळ होतं. कुणाशी बोलता येत नाही. इंदूलासुद्धा सांगितलेलं नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. तेव्हा मी रोज सकाळी, तो कामावर निघायच्या वेळेला, त्याला फोन करतो.

"काय बाबा, काही काम होतं?"

"काम असलं तरच फोन करायचा का? हेल्मेट घातलंस?"

"घातलं."

"पट्टा लावलास का त्याचा?"

काल एकविसावा दिवस होता. धुकं इतकं, की समोरचा पिंपळ दिसत नव्हता. मी म्हटलं, "आज रजा टाक." तो म्हणाला, "बाबा, तुम्ही फार काळजी करता हल्ली. मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो."

माझं डोकंच फिरलं. "माझ्यासाठी कशाला करतोस?" मी ओरडलो. "स्वतःसाठी कर की गाढवा!"

आणि जीभ चावली.

पलीकडे मागे कुठंतरी पोरगी रडत होती. मग तिला जवळ घेतलं असावं त्यानं, कारण रडणं एकदम जवळ आलं आणि थांबलं.

"बरं, बाबा," सुश्रुत म्हणाला. "आज रिक्षानं जातो. तुम्ही जेवून घ्या वेळेवर."